व्यवसायाचा रकाना

रिपोर्टचा कागद काचबाईंनी तीन वेळा वाचला. पहिल्यांदा उभ्याउभ्या, दुसऱ्यांदा खिडकीशी नेऊन आणि तिसऱ्यांदा ओळीखाली बोट धरून. तिसऱ्या वाचनात बोट शेवटच्या ओळीवर थांबलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

'दोन्ही फुप्फुसांचा तळाकडचा भाग कडक झालेला. आजार जुनाट. कारण अज्ञात.'

"अज्ञात," त्या म्हणाल्या. "कुणाला अज्ञात?"

तीन उशांना टेकून पलंगावर बसलेली त्यांची धाकटी बहीण वाक्याच्या मध्येच दम घेत म्हणाली, "ताई, कागदाशी नको भांडूस. तो काही... उलटून बोलत नाही."

"बोलायचं काय बाकी ठेवलंय त्याने? धडधडीत थाप मारतोय."

धाकटीची मुलगी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. तिने कप ठेवले आणि कागद मावशीच्या हातातून हळूच काढून फाइलीत घातला. "डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं कधीकधी. कुणाला का होतं ते कळत नाही."

"तुझा एक्स-रे काढायचं काय झालं?"

"परत तेच? कारणच माहीत नाही म्हटल्यावर माझा कशाला काढायचा? मला तर साधा खोकलाही नाही."

काचबाईंच्या रागाचं मूळ इथे होतं. धाकटीचं फुप्फुस आता मागे फिरणार नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण कागदावर कारण नसलं की पुढचा माणूस तपासला जात नाही. आणि पुढचा माणूस समोर उभा राहून त्यांच्या चहात साखर ढवळत होता.

काचबाई हे नाव त्यांना घरचं नव्हे, सरकारी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागातलं. अडतीस वर्षं त्यांनी तिथे काचा केल्या. शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, ठोकळा यंत्रावर चढवून केसाहून पातळ काप काढायचा, तो कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर उचलायचा, रंग द्यायचा आणि ती काच सरांच्या मायक्रोस्कोपखाली नेऊन ठेवायची. सर म्हणजे विभागाचे प्रमुख. उंच, किडकिडीत, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेले. दर वर्षी नवी मुलं आली की सर त्यांना बरण्यांच्या खोलीत नेत आणि आजाराची भाषा शिकवत. आजार कशाने झाला, तो कसा वाढत गेला, आत काय मोडलं, बाहेर काय दिसलं आणि पुढे काय होणार, या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि एकाच्या जागी दुसरा वापरलेला चालणार नाही, असं ते बजावत. सरांची भाषा पुस्तकी. मुलं माना डोलावत आणि दुपारी काचबाईंच्या टेबलाभोवती जमत.

"बाई, कळलं नाही काही."

"घरात भिंतीला ओल आलीय असं समज," त्या कापावरची नजर न काढता सांगायच्या. "आत नळ फुटलाय, ते कारण. पाणी विटेविटेतून झिरपत आलं, ती झाली आजाराची वाटचाल. गिलावा फुगून सुटला, ती विकृती. तुला डाग दिसतो, ती खूण. घरमालकीण म्हणते कुबट वास येतो, ते लक्षण. तिने सांगितल्याशिवाय तुला ते कळायचं नाही. आणि भिंत किती दिवस उभी राहील ते सांगता आलं, तर तो भविष्याचा अंदाज. आता डागावर रंग मारून जाणारा तो रंगारी. नळ शोधतो तो डॉक्टर. तू कोण व्हायला आलायस ते ठरव."

त्यातली कितीतरी मुलं पुढे मोठी डॉक्टर झाली. लग्नात, बारशाला भेटली की अजून म्हणायची, बाई, तुमची ओली भिंत आठवते.

सरांचे दोन नियम होते. कुणी 'कारण अज्ञात' लिहिलं तर त्याने कागदाच्या पाठीमागे लिहायचं, मी रोग्याला काय काय विचारलं. आणि तपासणीच्या फॉर्मवर व्यवसायाचा रकाना कोरा असेल तर सर काच बघतच नसत. फॉर्म वॉर्डात परत. "माणूस दिवसभर काय करतो हे माहीत नसताना त्याच्या फुप्फुसात मी काय बघू, कपाळ?" असं म्हणून ते फॉर्म ट्रेच्या बाहेर भिरकावत.

म्हणूनच काचबाईंना तो कागद सहन होत नव्हता. धाकटीचा नवरा सिमेंटचे पत्रे करणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं होता. अ‍ॅस्बेस्टॉसची पोती फोडायची आणि यंत्राच्या तोंडात ओतायची, हे त्याचं काम. संध्याकाळी घरी यायचा तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन. जिन्यातली पोरं 'भूत आलं, भूत आलं' म्हणून पळायची आणि तोही हात वर करून त्यांच्या मागे धावायचा. बिचारा हौशी होता. बारा वर्षांपूर्वी हृदयविकाराने झटक्यात गेला, त्याच्या फुप्फुसाकडे बघायची वेळच आली नाही. त्याचे कपडे धाकटी मागच्या गॅलरीत झटकायची. जाड निळा सदरा आणि विजार. पांढरा, मऊ, तरंगता भुगा उन्हात चमकायचा. पाण्यात तसेच घातले तर लगदा होतो म्हणून आधी झटकावे लागत. "एक टोक तू धर गं," असं म्हणून ती मुलीला हाक मारायची. मुलगी सात वर्षांची असल्यापासून. कारखान्याला रविवारची सुटी नसे. काचबाई रविवारी यायच्या तेव्हा त्याच गॅलरीत वेताच्या मोड्यावर बसून चहा घ्यायच्या, आणि त्या दोघींचं ते झटकणं त्यांना एखाद्या खेळासारखं वाटायचं. मायलेकी हसायच्या, खोकायच्या, परत हसायच्या.

"उद्या सकाळी तू मला आमच्या रुग्णालयात नेतेस," त्या भाचीला म्हणाल्या.

"मावशी, तू तिथे आरडाओरडा करणार."

"करणार. म्हणून तर तू हवीस बरोबर."

पलंगावरून धाकटी म्हणाली, "जाऊ दे तिला. नाहीतर ती... इथे बसून माझ्यावर ओरडेल."

रुग्णालयातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी उठून खुर्ची दिली. टेबलावर पाण्याची बाटली, एक सुकलेलं रोप आणि मोठा स्क्रीन. "बसा आजी."

"आजी नका म्हणू. आपलं नातं नाही," काचबाई उभ्यानेच म्हणाल्या आणि कागद टेबलावर ठेवला. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. अवघड केस आहे. पण फुप्फुस असं आपोआप कडक होत जाण्याचा एक प्रकार असतो. नमुना अगदी तसाच दिसतोय."

"नमुना तसाच दिसतो म्हणून कारण तेच का? घराघरातल्या ओली सारख्याच दिसतात. तिच्या बोटांची टोकं फुगलीयत, ती बघितलीत?"

"बघितली. नोंद केलीय."

"खूण बघितलीत. लक्षण लिहून घेतलंत, दम लागतो. विकृती काचेवर बघितलीत. आणि कारणापाशी येऊन दमलात?"

"मावशी, हळू," भाची म्हणाली.

डॉक्टरांचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही. "तसं नाही. आम्ही कारणं तपासतो. धूळ, पक्षी, औषधं. पेशंटच्या फॉर्मवर व्यवसाय घरकाम आहे. म्हणून ती बाजू सोडली."

"तुम्ही तिला विचारलंत?"

"फॉर्मवर होतं ना."

"फॉर्म आजारी आहे का? फॉर्मला दम लागतो? सव्वीस वर्षं तिने नवऱ्याच्या कपड्यांवरचं अ‍ॅस्बेस्टॉस झटकलंय. रोज संध्याकाळी, दोन हातांनी, नाकासमोर. तुम्ही एक प्रश्न विचारला असतात तर तिने सांगितलं असतं. ती बोलते. दम घेत बोलते, पण बोलते."

डॉक्टरांनी स्क्रीन फिरवला. "हे बघा, मी भरलेलं नाही. कुणीच भरलेलं नाही. व्यवसाय कोरा ठेवला तर कॉम्प्युटर फॉर्म पुढे घेत नाही, म्हणून तो स्वतःच भरतो. बाई असली की घरकाम. पुरुष असला की नोकरी. पहिल्यापासून असंच आहे."

काचबाईंनी स्क्रीनकडे पाहिलं. धाकटीचं वय, वजन आणि शेजारी ते एक शब्दाचं उत्तर. "कुठल्या दीडशहाण्याने हे केलं?" त्यांचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला असावा, कारण दारात दोन माणसं डोकावली. "कॉम्प्युटरला शिकवलं कुणी? नाव सांगा. मेला असेल तर त्याच्या फोटोसमोर उभी राहून बोलेन."

"जुन्या लोकांना माहीत असेल," असं म्हणून डॉक्टरांनी प्रयोगशाळेत फोन लावला.

आला तो चष्मा. काचबाईंनी हाताखाली तयार केलेला तंत्रज्ञ. पहिल्या दिवशी चष्मा घरी विसरून आला आणि त्यांचा लावून दिवसभर बसला, तेव्हापासून हे नाव. आता त्याचेच केस पिकले होते. बाईंना बघून तो वाकला, मग प्रश्न ऐकला आणि जमिनीकडे बघू लागला.

"जाऊ द्या ना बाई."

"मी इथे जाऊ देण्यासाठी आलेली नाही. बाईला घरकाम, पुरुषाला नोकरी, ही यादी कॉम्प्युटरला कुणी दिली?"

"कशाला उकरून काढताय?"

"तू दिलीस?"

"मी नाही बाई." त्याने चष्मा काढून डगल्याला पुसला. "तुमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद होता. कॉम्प्युटर बसवायला माणूस आला, तुमचं शेवटचं वर्ष होतं. तो म्हणाला, रकाना कोरा असला तर काय भरू? तुम्ही म्हणालात, हा कागद घे, आम्ही असंच करतो."

काचबाई खुर्चीत बसल्या, मघाशी नाकारलेल्या.

तो कागद त्यांना अक्षरासकट आठवला. निळ्या शाईत, त्यांच्याच तिरप्या हातात. सर दिवसाला वीस-वीस फॉर्म परत पाठवायचे. वॉर्डातल्या नर्स येऊन तोंडाला येईल ते बोलायच्या. एका रकान्यापायी रिपोर्ट आठ-आठ दिवस अडायचा आणि रोगी बाकावर बसून राहायचा. एक दिवस काचबाईंनी पेन घेतलं आणि एका बाईच्या फॉर्मवर लिहून टाकलं, घरकाम. काही बिघडलं नाही. काम भराभर होऊ लागलं. पुढे सरांचे डोळे कमी झाले, तेव्हा ते म्हणायचे, "बाई, फॉर्म तुम्हीच वाचा." आणि त्या स्पष्ट, स्थिर आवाजात वाचायच्या: व्यवसाय, घरकाम. सर मान हलवून काच पुढे सरकवायचे. बाईंच्या शब्दावर सरांनी कधी शंका घेतली नाही. ओल्या भिंतीचा धडा मुलांना देणाऱ्या बाईच दुसऱ्या हाताने डागावर रंग मारत होत्या, आणि आपण गरिबांचे हेलपाटे वाचवतो म्हणून मनातून खूशही होत्या.

इतका वेळ जो राग समोरच्या टेबलापलीकडे फेकत होत्या, तो त्यांना आता गिळताही येईना आणि थुंकताही येईना. डॉक्टरांनी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली.

"तिच्या तुकड्याचा ब्लॉक, मेणाचा ठोकळा, आहे का?" त्यांनी चष्म्याला विचारलं.

"आहे."

"एक काप काढ. लोहाचा रंग लावायचा."

"अहो, तो आम्ही फुप्फुसाला नेहमी..." डॉक्टर सुरू झाले.

"लावत नाही, माहीत आहे. त्या धुळीचा तंतू फुप्फुसात अडकला की शरीर त्याच्यावर लोहाचं अस्तर चढवतं. नेहमीच्या रंगात तो नजरेतून निसटू शकतो. लोहाच्या रंगात निळा उठतो. नाही उठला तर मी इथून गप घरी जाईन आणि तुमची माफी मागेन."

प्रयोगशाळेत वास तोच होता, मेणाचा आणि स्पिरिटचा. चष्म्याने काप काढला. पाण्यावरून काच उचलायला काचबाई पुढे झाल्या आणि थांबल्या. "तूच उचल," त्या म्हणाल्या. पण रंगाची दोन द्रावणं त्यांनी स्वतः मोजली, सारखी, ताजी. काच त्यात ठेवली आणि घड्याळासमोर वीस मिनिटं उभ्या राहिल्या. भाची भिंतीशी स्टुलावर बसली होती.

काच तयार झाल्यावर डॉक्टर मायक्रोस्कोपला बसले. काच सरकत राहिली. बराच वेळ गुलाबीच दिसत असणार, कारण काच कुठेच थांबेना. मग काच थांबली. त्यांनी भिंग बदललं. थोडी मागे घेतली, परत पुढे.

"निळी काडी," ते म्हणाले. "मण्यामण्यांची. दोन्ही टोकांना गाठी."

"एकीवर जाऊ नका. पुढे बघा."

"दुसरी आहे." काच सरकली. "तिसरी. इथे तर जोडीने आहेत." त्यांनी डोळे वर केले. ते घाबरले नव्हते, ओशाळले होते. काचबाईंना ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाही राग आला. "मी आत्ता रिपोर्ट बदलतो. कारण लिहितो."

"आधी रकाना."

ते स्क्रीनपाशी गेले. घरकाम पुसलं. "काय लिहू?"

"नवऱ्याचे अ‍ॅस्बेस्टॉसने भरलेले कपडे घरी झटकणे आणि धुणे. सव्वीस वर्षं."

डॉक्टरांनी टाइप केलं आणि थांबले. "एवढं मावत नाही. वीसच अक्षरं घेतं."

"मग रकाना मोठा करायला सांगा. बाईचं आयुष्य वीस अक्षरांत बसत नसेल तर तो दोष बाईचा नाही."

तेव्हा स्टुलावरून भाची म्हणाली, "दुसरं टोक मी धरायचे."

डॉक्टर वळले. "किती वर्षं?"

"सात वर्षांची होते तेव्हापासून. लग्न होईपर्यंत." तिने बोटांवर मोजलं आणि हात मांडीवर ठेवले. "पंधरा."

डॉक्टरांनी नवा फॉर्म उघडला. या वेळी त्यांनी कॉम्प्युटरला काही भरू दिलं नाही. खुर्ची भाचीजवळ ओढली आणि विचारायला लागले. घर केवढं होतं, गॅलरीला जाळी होती का, कपडे झटकून झाल्यावर झाडू कोण मारायचं. भाची उत्तरं देत गेली. काचबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. झाडूही तीच मारायची, हे त्यांना माहीत नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी धाकटीला सगळं सांगितलं. आधी निळ्या काड्यांचं, मग मुलीच्या त्याच दुपारी झालेल्या तपासणीचं: फुप्फुसाच्या पातळ आवरणावर एके ठिकाणी जाडी आली होती, आत्ता त्रास काही नाही, पण दर वर्षी बघत राहायचं. धाकटीने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला.

"म्हणजे माझ्याकडून काही... चुकलं नव्हतं ना? सगळे म्हणायचे, स्वतःकडे लक्ष दिलं नाहीस."

"तुझ्याकडून नाही. माझ्याकडून." आणि काचबाईंनी कपाटाच्या दारावरच्या कागदाचंही सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही.

मग धाकटी बोलली, आणि तिचा तो आवाज काचबाईंनी सत्तर वर्षांत ऐकला नव्हता.

"रविवारी मोड्यावर बसून... बघायचीस तू मला. काय करते ते... तुझ्या डोळ्यांसमोर होतं. आणि तिकडे कागदावर लिहायचीस, घरकाम."

"हो."

"कितीजणींच्या कागदावर लिहिलंस?"

"माहीत नाही."

"मग उद्या जाऊन बघ. माझ्यापाशी रडत बसू नकोस. मला तेवढा... श्वास नाही."

काचबाई रडत नव्हत्याच. पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या प्रयोगशाळेत चष्म्याच्या टेबलापाशी बसल्या. त्याने फुप्फुसाच्या जुन्या रिपोर्टांतून ज्यांत कारण अज्ञात आणि व्यवसाय घरकाम होता असे निवडून काढले होते. गठ्ठा वितीएवढा उंच होता. त्यांनी वरचा कागद घेतला, फोन ओढला आणि नंबर फिरवला. एका पुरुषाने उचलला. त्यांनी रुग्णालयातून बोलतेय म्हणून सांगितलं.

"आई जाऊन चार वर्षं झाली," तो म्हणाला.

"माहीत आहे. त्या काय करायच्या?"

"आई? काही नाही. घरीच असायची."

काचबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "घरी असायच्या ते कळलं," त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्यापासून हातात काय काय असायचं, ते सांगा. मला वेळ आहे."